नियमांतील सर्वनाम व स्त्रियांचा विद्यापीठप्रवेश

मुंबई विद्यापीठ इ. स. १८५७ मध्यें स्थापन झालें. त्याच्या नियमांत परीक्षार्थ्यास पुल्लिंगी सर्वनाम योजिलेलें होतें. इ. स. १८८३ मध्यें सिनेटनें ठरविलें कीं, या सर्वनामानें स्त्रीपुरुष दोहोंचाहि बोध घ्यावा. पाणिनीचा एकशेष जाणणारास यांत नवल नाहीं; तेथेंहि पुल्लिंगी पद शेष राहून उभयांचा अर्थ देतें. पुढें डेक्कन कॉलेजांतून कु. कॉर्नेलिया सोराबजी ह्या या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. परंतु परीक्षेंत अग्रस्थान मिळवूनहि विलायतेची सरकारी शिष्यवृत्ति केवळ स्त्री म्हणून आपणांस नाकारली गेली, असें त्यांचेंच कथन आहे. म्हणजे एका नियमाचा अर्थ रुंदावला, दुसऱ्याचा नाहीं. आज समावेशाचीं पत्रकें काढणाऱ्या विद्यापीठीय कार्यालयांनीं हें ध्यानीं धरावें: घोषणेपूर्वीं सर्व नियम शब्दशः तपासावे.