शरणागती, ख्रिस्ती व्यसनमुक्तीतील

दारू किंवा दुसरे कोणतेही व्यसन आपल्या बळावर सुटत नाही, हे कबूल करून सुटकेसाठी देवावर भिस्त ठेवण्याची ख्रिस्ती रीत. मराठी ख्रिस्ती बोलीत हिला वेगळे शास्त्रीय नाव नाही. ‘प्रभूने सोडवलं’ किंवा ‘मी सोडली नाही, सुटली’ एवढ्यात ती सांगून होते. या वाक्यांतला कर्ता व्यसनी माणूस नसतो, आणि ही गोष्ट व्याकरणापुरती नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात जवळजवळ दोनशे वर्षांची ख्रिस्ती वस्ती आहे, उसाचे आणि साखर कारखान्यांचे मोठे क्षेत्र आहे आणि गावाने देवळात शपथ घेऊन दारू बंद केल्याचा देशभर गाजलेला दाखलाही आहे. त्यामुळे शपथ आणि शरणागती यांतला फरक पाहायला हा जिल्हा सोयीचा आहे.

धर्मविचारातील आधार : या रीतीचे मूळ पौलाच्या पत्रांत सापडते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ७ व्या अध्यायात तो स्वतःची फजिती मांडतो : जे करायचे ते हातून होत नाही आणि जे नको तेच होते. पत्र व्यसनाबद्दल नाही, पण पिणाऱ्याला ते स्वतःचेच वर्णन वाटते. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (अध्याय १२) देहातला एक काटा काढून टाकावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, तो सोसण्यापुरती कृपा मिळाली. पुढे व्यसनमुक्तीच्या विचारात हा भेद फार कामाला आला. ओढ नाहीशी होणे वेगळे आणि ओढ असताना न पिणे वेगळे. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीन आणि पेलॅगियस यांच्यात वाद झाला तो याच प्रश्नावर : माणूस आपल्या इच्छाशक्तीने चांगला होऊ शकतो की कृपेवाचून नाही? चर्चने कौल ऑगस्टीनच्या बाजूने दिला. तरी हातपाय हलवण्याचे काम पौलाने माणसावरच ठेवले आहे, आणि त्यामागचे बळ देवाचे, असे फिलिप्पैकरांच्या पत्रात म्हटले आहे.

निर्गम ग्रंथातल्या मान्न्याची गोष्टही येथे लागते. रानात रोज पहाटे पडणारे ते अन्न एका दिवसापुरतेच गोळा करायचे. दुसऱ्या दिवसासाठी साठवले की त्यात किडे पडत. प्रभूच्या प्रार्थनेत भाकर मागायची ती रोजची, तीही आजच्यापुरती. ज्वारी-बाजरीच्या मुलखात मराठी बायबलने येथे ‘भाकर’ हा शब्द वापरला, त्यामुळे त्या मागणीला चुलीची ऊब आली. व्यसनमुक्तीच्या बैठकांतला ‘फक्त आजचा दिवस’ हा मंत्र याच वळणाचा आहे.

नगर जिल्ह्यातील वाटचाल : अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे केले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये येथेच सुरू झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यांत मोठा भरणा महार आणि मांग समाजांतल्या कुटुंबांचा होता. बाप्तिस्मा म्हणजे नाव आणि देव बदलणे एवढेच नव्हते, राहणीही बदलायची होती, आणि तीत दारू सोडणे गृहीत असे. दारूबाजी हा मंडळीच्या शिस्तीचा भंग मानला जाई आणि सभासदाला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याची शिक्षा होई. दारूकडे पाहण्याची ही दृष्टी मिशनरी न्यू इंग्लंडच्या संयम चळवळीतून घेऊन आले होते. ती शपथेची दृष्टी होती : कागदावर सही कर, शब्द दे, पाळ. शब्द पाळला गेला नाही तर पुढे काय, याला शपथेपाशी उत्तर नसते. लाज मात्र असते, आणि लाज वाटली की माणूस पुन्हा पितो.

शरणागतीला मराठी वाणी मिळाली ती कीर्तन-भजनातून. कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी नगर भागात ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन नारायण वामन टिळक नगरला आले आणि ती वाणी घराघरांत पोहोचली. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. त्यांच्या भजनांत दीनपणा, अनन्यता आणि पायांशी पडणे हे सगळे वारकरी पोताचे आहे, आणि ती मराठी मंडळ्यांत आजही म्हटली जातात. टिळकांनी ही भजने व्यसनींसाठी लिहिली नाहीत. पण आपले काही चालत नाही हे माणसाला चारचौघांत म्हणायचे असते, तेव्हा गद्यापेक्षा अभंगात ते सोपे जाते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यामागेही मिशनच्या पगाराऐवजी देवावर विसंबण्याचा हट्ट होता. शेजारच्या पुणे जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन अशाच भरवशावर चाले. अमेरिकेतल्या वास्तव्यात रमाबाईंचा तिथल्या ख्रिस्ती स्त्रियांच्या मद्यपानविरोधी संघटनेशी जवळचा संबंध आला, आणि १८८९ मध्ये छापलेल्या आपल्या अमेरिकावर्णनात त्यांनी तिची ओळख मराठी वाचकांना करून दिली.

मुक्तिफौज : साल्वेशन आर्मीला मराठीत दिलेले हे नाव मूळ नावापेक्षा नेमके आहे. विल्यम आणि कॅथरिन बूथ यांनी १८६५ मध्ये पूर्व लंडनच्या दारूगुत्त्यांच्या वस्तीत काम सुरू केले. फ्रेडरिक टकर आणि त्यांचे सोबती १८८२ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत उतरले, आणि भगवे कपडे, अनवाणी पाय, देशी नावे अशा थाटात त्यांनी प्रचार मांडला. नगर शहरातले इव्हँजेलिन बूथ हॉस्पिटल याच फौजेचे. ते संस्थापकांच्या कन्येच्या नावे आहे, पण नगरकरांसाठी ते नुसते ‘बूथ’. फौजेचा सैनिक होताना दारू, तंबाखू, अमली पदार्थ आणि जुगार सोडण्याचा लेखी करार करावा लागतो. म्हणजे येथे शपथही आहे. पण तिच्याआधी गुडघे टेकायचे असतात : सभागृहात पुढे एक बाक असते, तिथे येऊन माणूस सगळ्यांसमोर देवापुढे वाकतो, मग करार. गणवेशाचा एक व्यावहारिक फायदाही आहे, तो घालून गुत्त्यात शिरता येत नाही.

याच फौजेने १८८३ पासून प्रभुभोजनाचा विधी बंद केला. धर्मशास्त्रीय कारणे होतीच, पण नुकतीच दारू सोडलेल्यांच्या ओठांना वेदीपाशी पुन्हा मद्य लागू नये ही काळजीही त्यांत होती. मराठीत ही अडचण जरा निराळी आहे. मराठी बायबलमध्ये मद्याला ‘द्राक्षारस’ म्हणतात. त्यामुळे काना गावच्या लग्नात येशूने नक्की काय केले, यावर दारूबंदीवाल्या प्रचारकाला सोयीचा अर्थ काढता येतो आणि पिणाऱ्याला त्याच्या सोयीचा. वाद मिटत नाही.

बारा पायऱ्या : आज जगभर व्यसनमुक्तीत देवावर विसंबण्याची जी भाषा ऐकू येते ती बहुतांशी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची (एए). तिचे मूळ फ्रँक बुकमन यांच्या ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत आहे. त्या चळवळीचीच पुढची आवृत्ती म्हणजे नैतिक पुनरुत्थान, जिचे पाचगणीतले ‘एशिया प्लॅटो’ केंद्र १९६८ पासून महाराष्ट्राला परिचित आहे. बिल विल्सन यांनी १९३४ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयात दारू सोडली, १९३५ मध्ये अ‍ॅक्रन येथे डॉ. बॉब स्मिथ यांची गाठ पडली आणि एए सुरू झाली. एएच्या १९३९ च्या पुस्तकात बारा पायऱ्या छापल्या. पहिली पायरी पराभव मान्य करण्याची, दुसरी आपल्याहून मोठ्या शक्तीवर भरवसा ठेवण्याची, तिसरी आपली इच्छा आणि आयुष्य देवाच्या स्वाधीन करण्याची. पुढे आपल्या चुका एका माणसापुढे उघड सांगणे, दुखावलेल्यांची भरपाई करणे आणि रोजची प्रार्थना येते. देव म्हणजे ‘आम्हाला जसा उमगला तसा’ ही सूट देव न मानणाऱ्या सभासदांच्या आग्रहावरून घातली गेली. तिच्यामुळे एए ख्रिस्ती चौकटीबाहेर पडली, आणि १९५७ मध्ये भारतात आली तेव्हा हिंदू, मुसलमान, बौद्ध कुणालाच बैठकीला बसायला हरकत राहिली नाही.

काही ख्रिस्ती मंडळींना मात्र ही सूट खटकली. देवाचे नाव धूसर केले की बळही धूसर होते, असे त्यांचे म्हणणे. डेव्हिड विल्करसन यांनी १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या टोळ्यांतल्या मुलांत सुरू केलेले टीन चॅलेंज हे या बाजूचे ठळक नाव. त्याचे काम मुंबईतही आहे. दुसऱ्या टोकाला वांद्र्याचे कृपा फाउंडेशन. फादर जो परेरा यांनी ते १९८१ मध्ये स्थापले. ते स्वतः दारूच्या विळख्यातून एएच्या मदतीने बाहेर आलेले कॅथलिक धर्मगुरू आणि पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. त्यामुळे कृपामध्ये बारा पायऱ्यांच्या जोडीला योगासने आहेत. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. संस्थेचे नावच शरणागतीच्या धर्मशास्त्रातले, आणि तेही सगळ्यांना कळणारे.

साक्ष, नवस, शपथ : मंडळीत हा अनुभव मांडला जातो तो ‘साक्ष’ देऊन. उभे राहायचे, आधी कसे होतो ते सांगायचे, कोणत्या दिवशी काय घडले ते सांगायचे आणि श्रेय प्रभूला द्यायचे. उपवास-प्रार्थनेच्या सभांतल्या साक्षींत ओढ एका रात्रीत गेल्याचे ऐकू येते. असे काहींच्या बाबतीत होते, पण बहुतेकांना पौलाचा काटाच वाट्याला येतो. साक्ष दिलेला माणूस पुन्हा घसरला की त्याला दोन ओझी होतात, दारूचे आणि मंडळीपुढे खोटे पडल्याचे. एएमध्ये घसरलेला माणूस दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा पहिला दिवस मोजतो. आपल्याकडच्या मंडळ्यांत तेवढी मोकळीक क्वचितच दिसते.

कॅथलिकांत पापनिवेदनाचा संस्कार असल्याने कबुली एकांतात होते. श्रीरामपूरजवळ हरेगावला सप्टेंबरमध्ये मतमाउलीची (येशूची आई मरिया हिची) यात्रा भरते. तिथे ख्रिस्तेतरही येतात. अशा ठिकाणी घरच्या माणसाची दारू सुटावी म्हणून विनवणी करणारी बहुधा बायकोच किंवा आई असते. नवस हा व्यवहार आहे आणि शरणागतीत व्यवहार बसत नाही, असे धर्मशास्त्र सांगेल. पण मेणबत्ती घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला हा फरक शिकवायला कोणी जाऊ नये.

राळेगणसिद्धीची (ता. पारनेर) गोष्ट ख्रिस्ती नाही, तरी येथे टाळता येत नाही. १९७५ नंतर किसन बाबूराव ऊर्फ अण्णा हजारे यांनी यादवबाबांच्या देवळात गावाला शपथ दिली आणि हातभट्ट्या बंद झाल्या. शपथ मोडणाऱ्यांना खांबाला बांधून फटके मारले जात, हेही त्यांनी लपवलेले नाही. येथे देव साक्षी आहे, धाक गावाचा आहे आणि बळ शिस्तीचे. वारकऱ्याची तुळशीची माळ याहून शरणागतीच्या जवळची : माळ घातली की प्यायचे नाही, पण माळ शिक्षा करत नाही, गळ्यात राहून आठवण देते.

उसाच्या पट्ट्यात मळीपासून मद्यार्क काढणारे कारखाने आहेत आणि हातभट्टीही आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत जिल्हा परिषद निवडणुकीच्या दिवसांत पांगरमल (ता. नगर) येथे विषारी दारूने माणसे दगावली. पिणाऱ्याने शरण जावे हे खरे, पण त्याला पाजणाऱ्याने कुठे जावे, यावर साक्षींच्या सभांत बोलले जात नाही. संयम चळवळीच्या जुन्या मिशनऱ्यांना हा प्रश्न निदान दिसला होता.

मर्यादा : अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने एकदम बंद केले तर पहिल्या दोन-तीन दिवसांत थरकाप, आकडी, भास होऊ शकतात आणि त्यात जीवही जातो. या काळात डॉक्टर आणि औषधे लागतात. गोळी घेणे म्हणजे अविश्वास, असे सांगणारा पाळक माणसाला धोक्यात घालतो. मनोरुग्णांच्या हक्कांचा २०१७ चा कायदा दारू आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनाशी जोडलेल्या विकारांनाही लागू आहे. त्यामुळे प्रार्थनेच्या नावाखाली कुणाला कोंडून किंवा साखळीने बांधून ठेवता येत नाही. कोणत्याही धर्माचा आधार न घेता १९८६ मध्ये पुण्यात सुनंदा आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणमधूनही माणसे दारू सोडून बाहेर पडली, हे ख्रिस्ती पक्षालाही मान्य करावे लागते. ते मान्य करणारे ख्रिस्ती धर्मशास्त्र त्याला देवाची सर्वांसाठी असलेली कृपा म्हणते. मुक्तांगणमधला नास्तिक कार्यकर्ता त्यावर हसेल, आणि दोघेही रात्री अकराला आलेल्या त्याच फोनला उत्तर देतील : मी येतोय, तोवर घराबाहेर पडू नकोस.