घरपट्टीचं अपील: बनारसचं मैदान ते आपली आर्वी

आर्वीहून बोलतोय. आजचा विषय घरपट्टी. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. यात दोनशे वर्षांची गोष्ट आहे आणि माझ्या मामाची फजितीसुद्धा.

मामा दुसऱ्या एका छोट्या शहरात राहतो. फेरआकारणीत त्याच्या मागच्या टिनाच्या खोलीची नोंद स्लॅबची झाली. नोटीस आली, ती त्याने देवाच्या फोटोमागे खोचून ठेवली. म्हणाला, “पाहून घेऊ ना, घाई काय हाय?” बिल आल्यावर मात्र धावत गेला. तिथे पहिलाच प्रश्न आला, “हरकत घेतली होती का? पोच दाखवा.” पोच कुठली असणार!

आता मागे जाऊ. १८१० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने बनारसमध्ये घरांवर कर बसवला. हिशोब घराच्या वर्षाच्या भाड्यावर. लोकांनी दुकानं बंद केली, घरं सोडली आणि हजारोंच्या संख्येने उघड्या मैदानात धरणं धरून बसले. अखेर १८११ मध्ये कंपनीला हा कर मागे घ्यावा लागला. या आंदोलनाची सरकारी कागदपत्रं शोधून धरमपाल यांनी १९७१ मध्ये पुस्तकरूपाने लोकांसमोर आणली. हे धरमपाल पुढे आपल्याच वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला राहिले. २००६ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं.

घरावरचा कर मात्र नंतर गावोगावच्या नगरपालिकांमधून परत आला. फरक एवढाच, की आता भांडायला कायद्यात जागा होती. आपला भाग तेव्हा मध्य प्रांतात होता. तिथल्या १९२२ च्या नगरपालिका कायद्यात कराविरुद्ध अपील डेप्युटी कमिशनरकडे करता येई. म्हणजे कर लावणारा एक, ऐकणारा दुसरा. पण अट होती: आधी पैसे भरा, मग बोला.

आज आर्वीसारख्या नगरपरिषदांना १९६५ चा महाराष्ट्राचा कायदा लागू आहे. करयोग्य मूल्याच्या पद्धतीत घराला वर्षाला किती भाडं येऊ शकेल ते धरतात, त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करतात आणि उरलेल्या रकमेवर कर लावतात. म्हणून टिन की स्लॅब, राहतं की भाड्याचं, या एकेका शब्दाला पैसे पडतात.

आकारणी यादी तयार झाली की कलम ११९ प्रमाणे हरकतीसाठी मुदत मिळते. लेखी अर्ज द्यायचा, सुनावणीला जायचं. यासाठी कराची रक्कम आधी भरावी लागत नाही. त्यानंतरची पायरी कलम १६९ ची, म्हणजे अपील. तिथे मात्र दोन गोष्टी लागतात: आधी वेळेत घेतलेली हरकत आणि मागितलेली रक्कम जमा. १९२२ ची ती अट अजून जिवंत आहे, बघा!

मला ही अट कडकच वाटते. ज्याला बिल झेपत नाही म्हणून तो भांडायला आलाय, त्यालाच आधी भर म्हणायचं? पण दुसरी बाजूही आहे. सगळ्यांनी अपील करून पैसे अडवले, तर नळाचं पाणी आणि रस्त्यावरचे दिवे चालणार कसे? म्हणूनच पहिली, बिनपैशाची पायरी सोडायची नसते. मामाने नेमकी तीच सोडली.

त्याने बिल भरलं. नोंद दुरुस्त करा म्हणून अर्ज दिलाय, खोलीचे फोटो जोडलेत. निकाल अजून यायचाय. यावेळी पोच मात्र घेतली आणि लगेच मला मोबाईलवर पाठवली.

तर आज घरी गेलात की आईबाबांना एवढंच विचारा: घरपट्टीची नोटीस आली होती का, आणि ती कोणत्या फोटोमागे आहे? तिच्यावरची तारीख आधी वाचा. बनारसच्या लोकांना त्यासाठी घर सोडून मैदानात बसावं लागलं होतं. आपल्याला एक अर्ज लिहायचाय.

भेटू पुढच्या भागात!