फुकटच्या श्रमांची किंमत : इंग्लंडमधील स्वयंसेवी कारागिरी-वर्गांचा इतिहास

१/२०
सामाईक जागा, सामाईक अवजारे, शिकवायला स्वयंसेवक आणि नफ्याचा हेतू नाही. हस्तकलेच्या अशा कार्यशाळा आज शहरोशहरी दिसतात. परंतु ही कल्पना आजची नव्हे. सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत तिचे मोठे जाळे विणले गेले होते. त्या जाळ्याचा, आणि फुकट दिलेल्या श्रमांची किंमत अखेर कोण मोजतो या प्रश्नाचा, हा धागा.

२/२०
आधी काळ समजून घेऊ. १८७० च्या दशकात अमेरिकेचा गहू रेल्वेने बंदरात आणि आगबोटीने इंग्लंडात येऊ लागला. तो इतका स्वस्त होता की इंग्लिश शेतीचे कंबरडे मोडले. शेतमजूर गाव सोडून शहराकडे निघाले. जे मागे राहिले त्यांच्यापुढे हिवाळ्याच्या लांबलचक रात्री होत्या आणि हाताला काम नव्हते.

३/२०
त्याच काळात जॉन रस्किन आणि विल्यम मॉरिस हे विचारवंत यंत्रयुगावर कठोर टीका करीत होते. कारखान्याने वस्तू स्वस्त केली, पण ती घडवणाऱ्याचा आनंद हिरावून घेतला, असे त्यांचे म्हणणे. अडचण एवढीच की हाताने घडवलेली सुंदर वस्तू महाग पडे आणि श्रीमंतांच्याच दिवाणखान्यात जाई. मग सामान्य माणसाच्या हाती कला यायची कशी?

४/२०
या प्रश्नाचे एक उत्तर अटलांटिकपलीकडून आले. चार्ल्स गॉडफ्रे लीलंड हा अमेरिकन लेखक फिलाडेल्फियात शाळकरी मुलांना कोरीवकाम, धातूचे उठावकाम, मातीकाम असे विषय शिकवीत होता. या 'लहान कलां'वर १८८० मध्ये त्याचे पुस्तकही निघाले. असामान्य प्रतिभा नसलेल्या माणसालाही या कला शिकता येतात, हा त्याचा मूळ सिद्धान्त.

५/२०
लीलंडच्या प्रयोगाने प्रभावित झालेल्या एग्लंटाइन लुइसा जेब या श्रॉपशर परगण्यातील गृहिणीने आपल्या परिसरात असे वर्ग सुरू केले. त्यातून १८८४ मध्ये 'होम आर्ट्स अँड इंडस्ट्रीज असोसिएशन' ही संस्था उभी राहिली. (पुढे १९१९ मध्ये 'सेव्ह द चिल्ड्रन' ही संस्था स्थापन करणारी एग्लंटाइन जेब ही याच बाईंची मुलगी.)

६/२०
कार्यपद्धती साधी होती. लंडनमधील मध्यवर्ती संस्था नमुने व आराखडे पुरवी, शिकवू इच्छिणाऱ्यांना तयार करी. गावात पाद्र्याची पत्नी, जमीनदाराची मुलगी किंवा एखादा चित्रकार वर्ग चालवी. चर्चची खोली मिळाली तर उत्तम, नाहीतर रिकामा तबेला. दिवसभर शेतात वा खाणीत राबलेली माणसे संध्याकाळी येत आणि लाकूड, तांबे, चामडे, माती, वेत यांवर हात बसवत.

७/२०
पाच वर्षांत, म्हणजे १८८९ पर्यंत, सुमारे ४५० वर्ग, १,००० शिक्षक आणि ५,००० विद्यार्थी असा पसारा झाला. म्हणजे सरासरी पाच विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक! पगारी व्यवस्थेला हे प्रमाण कधीच परवडले नसते. शिकवणारे विनामूल्य शिकवीत होते म्हणूनच हे शक्य झाले. लंडनच्या भव्य अल्बर्ट हॉलमध्ये दरवर्षी या खेडुतांच्या वस्तूंचे प्रदर्शन भरे.

८/२०
आता काही गावांत डोकावू. उत्तरेकडील केझिक हे पेन्सिलींच्या कारखान्यांसाठी आणि सरोवरांसाठी प्रसिद्ध गाव. उन्हाळ्यात पर्यटक, हिवाळ्यात बेकारी. तेथील धर्मगुरू हार्डविक रॉन्सली आणि त्यांची पत्नी एडिथ यांनी १८८४ मध्ये धातूचे उठावकाम व लाकडावरील कोरीवकाम यांचा रात्रवर्ग काढला. रॉन्सली हे रस्किनचे शिष्य. पुढे १८९५ मध्ये 'नॅशनल ट्रस्ट'च्या तीन संस्थापकांपैकी एक.

९/२०
दहा वर्षांत त्या वर्गाला स्वतःची इमारत मिळाली. १९०० ते १९०४ या काळात तेथे हर्बर्ट मॅरियन नावाचा तरुण पगारी संचालक होता. हे नाव लक्षात ठेवा. सटन हू येथील दफनातून निघालेल्या अँग्लो-सॅक्सन शिरस्त्राणाचे शेकडो तुकडे १९४० च्या दशकात ब्रिटिश म्युझियममध्ये ज्याने जुळवले, तो हाच मॅरियन. पुरातत्त्वाला कामी आलेला हा हात कारागिरीत मुरलेला होता.

१०/२०
दक्षिणेकडे कॉर्नवॉलमध्ये न्यूलिन हे कोळ्यांचे बंदर. मासेमारी नसेल त्या दिवसांत कोळी रिकामे बसत. १८९० मध्ये जॉन ड्रू मॅकेन्झी या चित्रकाराने त्यांना तांब्याचा पत्रा ठोकून नक्षी उठवायला शिकवले. त्या ताटांवर आणि पेट्यांवर मासे, गलबते, लाटा अवतरल्या. ज्यांचे आयुष्य समुद्रावर गेले त्यांना नमुन्यासाठी पुस्तक उघडावे लागले नाही.

११/२०
सरे परगण्यातील कॉम्प्टन गावाची कथा आणखी वेगळी. गावाला नवी दफनभूमी मिळाली, तेव्हा चित्रकार जी. एफ. वॉट्स यांची पत्नी मेरी वॉट्स हिने तेथे एक प्रार्थनामंदिर बांधायचे ठरवले. १८९५ पासून तिने गावकऱ्यांना स्थानिक मातीत नक्षी घडवायला शिकवले. भाजलेल्या मातीच्या त्या नक्षीने मढलेली लालबुंद वास्तू १८९८ मध्ये उभी राहिली. वर्गातून पुढे कुंभारांचा एक संघही निघाला.

१२/२०
येथवर सारे गोडच वाटेल. पण इतिहास वाचताना हेतूंकडेही पाहावे लागते. या वर्गांमागे सौंदर्यदृष्टी होती, तशीच धास्तीही होती. मजुराने संध्याकाळ दारूच्या गुत्त्यात घालवू नये, गावात राहावे, शिस्तीत असावे, ही वरच्या वर्गाची इच्छा. योगायोग पाहा : ज्या १८८४ साली ही संस्था स्थापन झाली, त्याच वर्षी नव्या कायद्याने ग्रामीण मजुरांपैकी बहुतेक पुरुषांना मतदानाचा हक्क मिळाला.

१३/२०
खरी टीका मात्र कलाचळवळीच्या आतूनच आली. सी. आर. अ‍ॅशबी या वास्तुरचनाकाराने १८८८ मध्ये पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत कारागिरांचा सहकारी संघ स्थापला होता. हे कारागीर वेतनावर जगत. अ‍ॅशबीने १९०८ च्या आपल्या पुस्तकात एक काल्पनिक पात्र उभे केले : 'प्रिय एमिली'. खाऊनपिऊन सुखी, हौसेने दागिने घडवणारी आणि वाटेल त्या भावात ते विकणारी ही बाई.

१४/२०
अ‍ॅशबीचा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. एमिलीला घरभाडे कमवायचे नसते, म्हणून तिच्या वस्तूच्या किमतीत मजुरी धरलेलीच नसते. तिच्या शेजारी ज्याची चूल त्याच कामावर पेटते त्या कारागिराने वस्तू मांडली, तर ती महाग ठरणारच. एकीकडून कारखाना आणि दुसरीकडून हौस, अशा कात्रीत तो सापडतो. अ‍ॅशबीचा संघ १९०२ मध्ये चिपिंग कॅम्डेन या गावी गेला आणि १९०७-०८ च्या सुमारास दिवाळखोरीने बुडाला.

१५/२०
या टीकेत तथ्य होते, पण ती अपुरीही होती. आपला संघ बुडण्यास एकट्या एमिलीला दोष देता येत नाही. लंडनच्या बाजारपेठेपासून दूर गेल्याचाही फटका त्याला बसला. उलट केझिकचा वर्ग टिकला, कारण तो केवळ हौसेचा राहिला नाही. शिकवणे स्वयंसेवेने सुरू झाले, तरी पुढे पगारी संचालक आला आणि कारागिराच्या कामाला दाम मिळाले. ती शाळा १९८४ मध्ये, शंभर वर्षे पुरी करून, बंद झाली.

१६/२०
या कथेचा एक धागा आपल्याकडेही येतो. हाताने घडवणाऱ्या गावाचे आदर्श चित्र इंग्लिश वाचकांपुढे ज्यांनी ठळकपणे मांडले त्यांत जॉर्ज बर्डवूड हे नाव मोठे. जन्म बेळगावचा, १८३२ चा. मुंबईत डॉक्टर आणि भायखळ्याच्या आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या पूर्वरूपाचा अभिरक्षक. भारतीय कारागिरीवरील त्याचा ग्रंथ १८८० मध्ये लंडनात निघाला. त्यातला चाकावर बसलेला कुंभार म्हणजे आपला बलुतेदारच.

१७/२०
बर्डवूडचे गाव शांत, तृप्त आणि सुंदर आहे. पण १८७६ ते १८७८ या काळात दख्खन भीषण दुष्काळात होरपळली होती. आणि १८८३ मध्ये जोतीराव फुले यांनी लिहून पूर्ण केलेला 'शेतकऱ्याचा असूड' त्याच गावाचे दारिद्र्य आणि पिळवणूक उघडी करतो. एकाच काळातील एकाच गावाची ही दोन चित्रे. एक दिवाणखान्यातून पाहिलेले, दुसरे बांधावरून.

१८/२०
पुढे आनंद कुमारस्वामी अ‍ॅशबीच्या कॅम्डेनजवळ राहायला आले. त्यांच्या भारतीय कारागिरांवरील १९०९ च्या पुस्तकाला प्रस्तावना अ‍ॅशबीचीच. आणि बर्डवूड? १९१० मध्ये लंडनच्या एका सभेत त्याने भारताला 'ललित कला' असल्याचेच नाकारले आणि बुद्धमूर्तीची तुलना चक्क उकडलेल्या पुडिंगशी केली. कुंभाराचे कौतुक करणारा तोच माणूस मूर्तिकाराला कलावंत मानायला तयार नव्हता!

१९/२०
येथे एक फरक ध्यानात घ्यावा. पुण्याच्या तांबट आळीत मठारकामाची हातोडी बापाकडून मुलाकडे गेली. ते ज्ञान घराण्यात आणि जातीत राहिले. इंग्लंडच्या रात्रवर्गाने तेच ज्ञान कोळ्याला, मजुराला, येईल त्याला खुले केले. कला जन्माने मिळत नाही, शिकवल्याने येते, हे त्या वर्गांनी हजारो हातांनिशी सिद्ध केले. वरच्या वर्गाची सारी धास्ती जमेस धरूनही हे श्रेय त्यांचेच.

२०/२०
पहिल्या महायुद्धानंतर ही लाट ओसरली. १९१५ पासून पसरलेल्या महिला मंडळांनी तिच्यातले पुष्कळसे काम उचलले. तिने मागे ठेवलेला धडा आजच्या प्रत्येक सामाईक कार्यशाळेला लागू आहे : शिकवणे फुकट असू शकते, कारण ज्ञान वाटल्याने कमी होत नाही. पण घडवलेली वस्तू विकायला मांडली की तिच्या किमतीत मजुरी धरलीच पाहिजे. नाहीतर आपली हौस शेजारच्या कारागिराच्या ताटातला घास होते.

धागा समाप्त. तुमच्या गावात पूर्वी असे हस्तकलेचे वर्ग चालत असतील, तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारून अवश्य लिहा.