ललितकलादर्श : मालकामागें उरलेली नाटक मंडळी

मराठी नाटक मंडळीचें आयुष्य बहुधा मालकाच्या गळ्याएवढें असे. मालक गेला कीं पडदे व पेट्या सावकाराच्या घरीं जात आणि नटवर्ग दुसऱ्या मंडळीचें दार ठोठावी. ललितकलादर्श मंडळी या नियमाला अपवाद ठरली. तो अपवाद कसा घडला, हें पाहण्याजोगें आहे.

कोल्हापूरचे केशवराव भोसले यांचा जन्म १८९० सालचा. स्वदेशहितचिंतक मंडळींत ‘शारदा’ नाटकांतील नायिकेच्या भूमिकेनें बालवयांतच त्यांचें नांव झालें. १ जानेवारी १९०८ रोजीं हुबळीस त्यांनीं स्वतःची मंडळी काढिली, तेव्हां त्यांना अठरावें वर्षहि पुरें झालेलें नव्हतें.

मालक असा थोर गवई. तरीहि मंडळीची भिस्त केवळ गाण्यावर राहिली नाहीं. मामा वरेरकरांचें हुंड्यावरील ‘हाच मुलाचा बाप’ आणि पुढें ‘संन्याशाचा संसार’ हीं नाटकें तिनें रंगभूमीवर आणिलीं. गाण्यासाठीं आलेला प्रेक्षक घरच्या प्रश्नावर विचार करीत परतूं लागला.

८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी! दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एका रंगमंचावर उभ्या राहिल्या. पण पुरते तीन महिनेहि लोटले नाहींत तोंच, ४ ऑक्टोबर रोजीं, केशवराव निवर्तले. वय अवघें एकतीस.

येथेंच मंडळी मोडावयाची. परंतु बापूराव पेंढारकरांनीं धुरा उचलली. त्यांनीं जुन्या यशावर निर्वाह केला नाहीं. १९२२ सालीं वरेरकरांचेंच ‘सत्तेचे गुलाम’ हें नवें नाटक केलें. पु. श्री. काळे यांच्यासारख्या चित्रकारानें मंडळीचें नेपथ्य सजविलें. पुढें बोलपटांनीं एकामागून एक मंडळ्या गिळल्या, आणि १९३७ सालीं बापूरावहि गेले.

त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनीं १९४२ च्या सुमारास मंडळी पुन्हां उभी केली. बाळ कोल्हटकरांचें ‘दुरितांचे तिमिर जावो’, विद्याधर गोखल्यांचें ‘पंडितराज जगन्नाथ’ हीं नाटकें त्या दुसऱ्या जन्माचीं फळें होत. २००८ सालीं ललितकलादर्शला शंभर वर्षें पुरीं झालीं.

केशवरावांचें नांव धारण करणारें कोल्हापूरचें नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजीं, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. भिंती पुन्हां बांधतां येतात. मंडळी मात्र नुसत्या नांवावर जगत नाहीं; दर पिढीस नवा धुरंधर आणि नवें नाटक लागतें. ललितकलादर्शला तीं दोन्ही लाभलीं, म्हणून ती मालकामागें उरली.