ग्लेंडलॉक

आयर्लंडच्या विक्लो परगण्यातील प्राचीन मठस्थान व ख्रिस्ती यात्रास्थळ. डब्लिनच्या दक्षिणेस सु. ५० किमी. आयरिश नावाचा अर्थ ‘दोन सरोवरांची दरी’. हिमनदीने कोरलेल्या या दरीत संत केव्हिन (मृत्यू परंपरेनुसार ६१८) एकांतवासासाठी आले. ते १२० वर्षे जगले, अशी श्रद्धा आहे.

वरच्या सरोवराच्या दक्षिण काठी, उभ्या कड्यात पाण्यापासून सु. ८ मी. उंचीवर ‘केव्हिनची शेज’ ही कपार आहे. आत एक माणूस जेमतेम आडवा होतो. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट १८२५ मध्ये अधू पायानिशी तिच्यात शिरला होता.

केव्हिनची चरित्रे त्यांच्यानंतर काही शतकांनी लिहिली गेली. त्यांत इतिहास थोडा, आख्यायिका फार. त्यांतील सर्वांत हृद्य कथा बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्सने नोंदविली. उपवासकाळात केव्हिन खिडकीबाहेर हात पसरून प्रार्थना करीत असता कस्तूर पक्ष्याच्या मादीने तळहातावर अंडी घातली; पिले उडून जाईपर्यंत त्यांनी हात मिटला नाही की मागे घेतला नाही. मागे लागलेल्या कॅथलीन नावाच्या तरुणीला त्यांनी सरोवरात ढकलले, ही कथा मात्र उत्तरकालीन असून ती प्रमाण मानू नये. जुन्या चरित्रात ती तरुणी पश्चात्ताप पावून धर्ममार्गाला लागते.

केव्हिनभोवती शिष्य जमले आणि खालच्या सरोवराजवळ मठनगरी वसली. सु. ३० मी. उंचीचा गोल मनोरा (दार जमिनीपासून सु. ३·५ मी. वर, छत १८७६ मध्ये मूळ दगडांनीच पुन्हा बांधले), कॅथीड्रलचे अवशेष आणि दगडी छपराचे ‘केव्हिनचे स्वयंपाकघर’ पाहण्याजोगे. हे वस्तुतः चर्चच. घंटाघर धुराड्यासारखे दिसते म्हणून हे नाव. नदीपलीकडच्या एका दगडातील खळग्यात हरिणी रोज दूध सोडी व त्यावर केव्हिन एका पोरक्या बालकाला वाढवीत, असे सांगतात. ११५३ मध्ये येथे मठाधिपती झालेले लॉरेन्स ओटूल ११६२ मध्ये डब्लिनचे आर्चबिशप झाले. १३९८ मध्ये इंग्रज सैन्याने मठ उद्ध्वस्त केला. यात्रा चालूच राहिली.

केव्हिनचा सणदिवस ३ जून. येथील सात यात्रांचे पुण्य रोमच्या एका यात्रेइतके मानीत. मठस्थानातील ग्रॅनाइटच्या उंच क्रुसाला कवेत घेऊन बोटे जुळली तर इच्छा फळते, अशी समजूत आहे. सणाची जत्रा दारू व मारामाऱ्यांमुळे एकोणिसाव्या शतकात चर्चने बंद पाडली. जोसेफ पीकॉकच्या १८१३ च्या चित्रात तिची गर्दी पाहावयास मिळते. १९०३ मध्ये पोपने केव्हिनच्या उपासनेस मान्यता दिली. विक्लोतीलच हॉलिवुड गावापासून येथवर ३० किमी. ची पदयात्रेची वाट आहे.

पूर्वी शिशाच्या खाणी होत्या. हल्ली पर्यटन हा मुख्य व्यवसाय.