विनिमय विद्यार्थी, जपानी हायस्कुलातील

विनिमय विद्यार्थी, जपानी हायस्कुलातील : स्वदेशातील शालेय शिक्षण मध्येच थांबवून काही महिने किंवा एक वर्ष जपानी हायस्कुलात जाणारा, साधारण पंधरा ते अठरा वर्षांचा परदेशी मुलगा अथवा मुलगी. राहण्याची सोय बहुधा एखाद्या जपानी कुटुंबात केलेली असते. आठ-दहा दिवसांचे शालेय दौरे या नोंदीत धरलेले नाहीत. जपान सरकारच्या ‘जेनेसिस’ (2007 पासून) आणि ‘साकुरा सायन्स’ (2014 पासून) या योजनांतून भारतीय मुलेही जपानला जाऊन येतात, पण ती पाहुणी म्हणून जातात आणि पाहुणी म्हणूनच परततात. विनिमय विद्यार्थ्याची खरी कसोटी पाहुणेपण संपल्यावर लागते.

युद्धोत्तर जपानमध्ये 1947 च्या शालेय शिक्षण कायद्याने सहा वर्षे प्राथमिक, तीन वर्षे कनिष्ठ माध्यमिक आणि तीन वर्षे हायस्कूल अशी रचना आली. सक्तीचे शिक्षण पहिल्या नऊ वर्षांचे; तरीही जवळजवळ सगळी मुले प्रवेशपरीक्षा देऊन हायस्कुलात जातात. शाळांची उतरंड या परीक्षांवरच ठरते, आणि कोणती शाळा कोणत्या पायरीवर आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. परदेशी विद्यार्थ्याला निवड करता येत नाही. विनिमय संस्था विचारते, एखादी शाळा ‘हो’ म्हणते, आणि तो तिथे जातो. ती शाळा तोक्योतील नामांकित खासगी असेल किंवा भातशेतीच्या मुलखातले कृषी हायस्कूल असेल. त्याला बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षात बसवतात, कारण तिसऱ्या वर्षाची मुले विद्यापीठ प्रवेशाच्या तयारीत बुडालेली असतात.

शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते. मार्चअखेर पोहोचणाऱ्याचे नशीब चांगले. नव्या वर्षासाठी वर्गांची मोडतोड करून नवी जुळणी झालेली असते, त्यामुळे जपानी मुलेही एकमेकांना चाचपडत असतात. ऑगस्ट-सप्टेंबरात येणाऱ्याला मात्र गट आधीच जमलेल्या वर्गात शिरकाव करून घ्यावा लागतो. कार्यक्रमांच्या माहितीपत्रकांत या फरकाबद्दल फारसे लिहिलेले नसते. वर्ष कसे जाणार हे मात्र बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

संस्था आणि कागदपत्रे : शालेय विनिमयाची कल्पना युद्धांतून आली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींची वाहतूक करणाऱ्या अमेरिकी रुग्णवाहिका-स्वयंसेवकांची ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ ही संघटना दुसऱ्या महायुद्धानंतर शाळकरी मुलांच्या देवाणघेवाणीकडे वळली आणि 1947 मध्ये पहिली तुकडी अमेरिकेत आली. आज ती एएफएस या नावाने ओळखली जाते. ‘यूथ फॉर अंडरस्टँडिंग’ 1951 मध्ये जर्मन मुलांना मिशिगनला नेण्यापासून सुरू झाली. या दोन संस्था आणि रोटरी क्लब हे जपानला जाण्याचे जुने मार्ग. एएफएसमध्ये यजमान कुटुंबाला मोबदला मिळत नाही. मूल घरचे म्हणून ठेवायचे असते. 2018 मध्ये जपानच्या शिक्षण मंत्रालयाने ‘आशिया काकेहाशी’ ही शिष्यवृत्ती सुरू केली, तिचे काम एएफएसकडे सोपवले आणि भारतासह आशियाई देशांतील हायस्कूलच्या मुलांना दार उघडले. तोवर अशा वर्षाचा खर्च पेलणारी भारतीय कुटुंबे मोजकीच होती. 2020 च्या महासाथीत जपानने सीमा बंद केल्या, आणि विद्यार्थ्यांचे येणे 2022 च्या मार्चपासून पुन्हा सुरळीत होऊ लागले.

निवासाचा दर्जा ‘ऱ्यूगाकु’, म्हणजे विद्यार्थी म्हणून. 2010 पूर्वी हायस्कूलच्या मुलांसाठी ‘शूगाकु’ हा वेगळा दर्जा होता, तो यात विलीन झाला. या दर्जावर परवानगी काढून आठवड्याला 28 तासांपर्यंत काम करता येते. विनिमय संस्था मात्र सहसा नोकरी करू देत नाहीत.

शाळेचा दिवस : आत शिरताच बुटांचे खण लागतात. बाहेरचे बूट तिथे ठेवायचे आणि ‘ऊवाबाकी’ हे आतले पांढरे बूट घालायचे. पुष्कळ शाळांत त्यांच्या पट्टीच्या रंगावरून मूल कितव्या वर्षात आहे ते कळते. वर्ग एका जागी असतो आणि बहुतेक तासांना शिक्षक बदलतात. तास साधारण पन्नास मिनिटांचा. त्या दिवशीची पाळी असलेले मूल ‘किरित्सु’ म्हणते, सगळे उभे राहतात, ‘रेई’ म्हटल्यावर वाकून नमस्कार करतात, ‘चाकुसेकी’वर बसतात. मराठी शाळेत ‘एक साथ नमस्ते’ म्हणून वाढलेल्या मुलाला हे लगेच जमते. साफसफाईचे तसे नाही. शेवटच्या तासानंतर बाके मागे सारली जातात, कुणी केर काढतो, कुणी फळा पुसतो, कुणी ओल्या फडक्याने जिना पुसतो, आणि स्वच्छतागृहाचीही पाळी येते. शिपाई हे काम करील ही अपेक्षा घेऊन आलेल्या भारतीय मुलाला पहिला धक्का इथे बसतो. (तो बसावा असे आईवडिलांनाही मनातून वाटत असते.)

अभ्यासाची गोष्ट अवघड आहे. जपानी मुले शाळा संपेपर्यंत नित्यवापराची 2,136 कांजी चिन्हे शिकतात. विनिमय विद्यार्थी शंभर-दोनशे घेऊन आलेला असतो. इतिहास डोक्यावरून जातो, अभिजात जपानीचा तास तर जपानी मुलांनाही जड वाटतो. गणितात चिन्हे तीच असल्याने दिलासा मिळतो. इंग्रजीच्या तासाला गंमत होते: इंग्रजी सफाईने बोलणारे परदेशी मूलही प्रश्न समजत नाही म्हणून गुण गमावते, कारण व्याकरणाचे स्पष्टीकरण जपानीत असते आणि उत्तर ठरलेल्या साच्यातले हवे असते.

सवलती : शाळा अशा मुलाला सांभाळून घेतात. काही चाचण्यांतून सूट देतात, अवघड तासाला ग्रंथालयात बसून जपानी शिकू देतात, नियम मोडला तरी हसून सोडतात. हेतू चांगलाच असतो. पण मिळालेली प्रत्येक सूट मुलाला वर्गापासून थोडी लांब ढकलते. जपानी हायस्कुलात ओळख गटाच्या कामातून होते, आणि ज्याला काम दिलेले नाही त्याच्याशी बोलायला वर्गमित्रांना निमित्तच उरत नाही. म्हणून जाणते वर्गशिक्षक पहिल्याच आठवड्यात परदेशी मुलाचे नाव पाळीच्या तक्त्यात घालतात.

नियमांचा भाग नाजूक आहे. केस रंगवणे, कानात काही घालणे, स्कर्टची लांबी यांवर बहुतेक शाळांची नजर असते. लहानपणीच कान टोचलेल्या महाराष्ट्रीय मुलींना डूल घरी काढून जावे लागते. जन्मतः तपकिरी किंवा कुरळे केस असलेल्या परदेशी मुलाला सहसा कुणी हटकत नाही. तसेच केस असलेल्या जपानी मुलीला मात्र जाब विचारला जातो. ओसाका प्रांतातील एका सरकारी हायस्कूलच्या विद्यार्थिनीने केस काळे करण्याच्या सक्तीविरुद्ध 2017 मध्ये दावा लावला. 2021 मध्ये न्यायालयाने तिला 3,30,000 येन भरपाई दिली, पण केसांचा नियम बेकायदा ठरवला नाही. त्यानंतर तोक्योच्या महानगरी शाळांनी 2022 पासून असे काही नियम रद्द केले.

बुकात्सु : शाळा सुटल्यावरची मंडळे. बेसबॉल, केन्दो, धनुर्विद्या, वाद्यवृंद, चहाविधी, सुलेखन यांपैकी एकाचे सदस्यत्व घ्यायचे आणि रोज, बऱ्याचदा शनिवारी आणि उन्हाळ्याच्या सुटीतही, तिथे घाम गाळायचा. मोठे ‘सेम्पाई’, धाकटे ‘कोहाई’. नवख्याने आधी साहित्य वाहायचे, जमीन पुसायची, मग शिकायचे. परतलेल्या मुलांच्या आठवणी बहुतेक इथल्याच असतात, आणि त्याला कारण आहे: इथे भाषेवाचून अडत नाही, आणि सूट देऊनही चालत नाही. धनुष्य कसे धरायचे ते हात धरून दाखवता येते. बदललेली सरावाची वेळ ज्याला कळली नाही तो उशिरा येतो आणि सगळ्यांसमोर माफी मागतो. पुढच्या वेळी ती वेळ विचारण्यापुरते जपानी त्याने शिकलेले असते. मंडळात न जाणाऱ्याला दुपारी चारनंतर एकटेपण गाठते.

घर : हायस्कुलात सहसा शाळेचे जेवण नसते, म्हणून डबा घरून न्यावा लागतो. शाकाहारी मुलापुढील अडचण मांसमाशांच्या तुकड्यांपुरती नाही; मिसो सूपपासून शिजवलेल्या भाजीपर्यंत बऱ्याच पदार्थांचा पाया असलेले ‘दाशी’ बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाचे असते. ‘मासे खात नाही’ एवढे सांगून भागत नाही, दाशीचे नाव घ्यावेच लागते. स्नान टबाबाहेर अंग धुऊन मग टबात बसून. तेच पाणी नंतर घरातले इतर वापरतात, त्यामुळे बुचाला हात लावायचा नाही.

परतल्यावर : जपानी हायस्कूलचा विद्यार्थी परदेशात शिकून आला तर तेथील शिक्षणाचे 36 पर्यंत श्रेयांक शाळा मान्य करू शकते, हायस्कूल पूर्ण करायला किमान 74 लागतात. महाराष्ट्रात मात्र अकरावी-बारावी हा सलग पट्टा आहे आणि त्यातच पुढच्या प्रवेशपरीक्षांची तयारी असते, त्यामुळे मधले वर्ष सोडायला पालक सहजी राजी होत नाहीत. दहावीनंतर लगेच जाणे हा त्यातल्या त्यात सोयीचा मार्ग.

जपानी शिकण्याची परंपरा पुण्यात जुनी आहे. रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात वर्ग चालतात, आणि जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेचे केंद्रही शहरात आहे. विनिमयाहून आलेली मुले या वर्गांत लगेच ओळखू येतात. त्यांचे बोलणे सहज, वेगवान आणि मित्रांतले असते, कधी थेट ओसाकाच्या बोलीचे. पण शिक्षकांशी आदरार्थी रूपे वापरताना ती अडखळतात, आणि वरच्या स्तरांसाठी लागणारी कांजी त्यांनाही इतरांसारखी वही घेऊन गिरवावी लागतात.