पयले बैलाले

दर्यापूरकडचं आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीच्या पाण्यात हरभऱ्याची डाळ शिजता शिजत नसे. म्हणून श्रावण लागला की आजी पन्हाळीखाली घागरी मांडायची. पावसाचं ते पाणी पोळ्याच्या पुरणासाठी राखलेलं असे, त्यातलं पेलाभरही कोणी प्यायचं नाही. पुरण आम्हीही खायचो, पण तिच्या बोलण्यात ते बैलांचंच.

पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदशेकणी. जू वाहून निबर झालेले खांदे आजोबा हळद-तुपानं चोळायचे, पळसाच्या पानांनी शेकायचे आणि बैलाच्या कानाशी लागून म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी तोरणाखाली गावचे बैल उभे राहत, झडत्या रंगत, पीक-पाण्याची सगळी गाऱ्हाणी त्यांत निघत. आमचं लक्ष मात्र घराकडे. बैल दारात येऊन जेवल्याशिवाय ताट वाढलं जायचं नाही. कोणी पोट्टं चुलीपाशी घुटमळलं की आजीचं ठरलेलं, "पयले बैलाले, मंग तुले." त्यांच्या पोळीवर ती तूप ओतत राहायची. आमच्या पोळीवर तोच हात मोजून चाले आणि त्यात आम्हाला काही वावगं वाटत नसे.

मग पाचव्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगरल्या वावरातलं धान्य नाही, घाणीचं तेल नाही. परसात हातानं लावलेली भेंडी, दोडके, धोप्याची पानं, एखादं कणीस, सगळं एका भांड्यात उकडलेलं. या व्रतामागे विटाळाचं जे कारण सांगतात ते मला कधी पटलं नाही. आजी ते सांगायचीही नाही. ती कथेतला बैलच तेवढा सांगायची. श्राद्धाच्या दिवशी मुलानं दिवसभर उपाशी जुंपलेला तो बैल म्हणजे त्याचाच मेलेला बाप. इथवर आली की तिचा आवाज बसायचा. पुढे ती शेगावच्या गजानन महाराजांकडे वळायची, कारण 8 सप्टेंबर 1910 ला महाराजांनी समाधी घेतली तीही ऋषिपंचमीलाच. पण समाधीपेक्षा तिला 1878 मधली गोष्ट प्यारी होती. महाराज शेगावात पहिल्यांदा लोकांच्या नजरेस पडले ते रस्त्यावर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. ती सांगून झाली की आमची ताटं आपोआप पुसून लख्ख व्हायची.

आणि त्यानंतर महालक्ष्म्या. ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या राहायच्या त्या कोठ्यांवर, कोठ्यांच्या पोटात धान्य. वर वेणी, फणी, करंज्यांचा फुलोरा टांगलेला. सोळा भाज्या, कढी, वडे, पुरण सगळं असे, पण आजीच्या मते नैवेद्याचा जीव आंबिलीत. ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी सावकाश रटरटू द्यायचं, आमच्या बाजूला मीठ-ताकाचीच, गूळ नाही. पातेलं एवढं मोठं की अर्धी आळी वाटी घेऊन यायची. पलीकडच्या मुसलमान घरची मोठी बी स्वतः चंबू आणायची आणि चव घेऊन मीठ कमी-जास्त सांगायची.

या आंबिलीला एक जुनी जखम आहे. 1899 मध्ये पाऊस गेला, मोठा काळ पडला. कपाशीनं वऱ्हाडात पैसा आणला होता, अकोला-अमरावतीकडून रूई आगगाडीनं मुंबईला जायची, पण पैसा शिजवता येत नाही. आमच्या घरचं पेव उघडलं तर तळाला मूठभर ज्वारी. आजीच्या सासूनं की आजेसासूनं, ती कधी एकीचं नाव घ्यायची कधी दुसरीचं, ती ज्वारी कोठ्यांत भरलीच नाही. देव्या रिकाम्या पोटी उभ्या केल्या, ज्वारी दळली, इतकी पातळ आंबील केली की वाटीचा तळ दिसे, आणि ती दारात आलेल्यांना वाटली. ही गोष्ट मी चार तोंडांनी चार तऱ्हांनी ऐकली आहे. कोठ्या रिकाम्या होत्या, एवढं चारही तोंडं सांगतात.

1972 चा दुष्काळ माझ्या आईनं पाहिलेला. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आलेली. तिची आंबील देवीपुढे ठेवावी की नाही, याचा आईला पेच पडला. आजी म्हणाली, "घरात जे हाय थेच तिले. आपून थे खाऊ आन् तिले दुसरं देऊ काय?" त्या वर्षी नैवेद्याची आंबील तांबूस झाली.

आता आमच्या शिवारात सोयाबीन आणि कपाशी. ज्वारी पेरली की पाखरं आणि रानडुकरं ती ठेवत नाहीत, मजूर मिळत नाही, म्हणून पेरत नाहीत. ज्वारी नाही तर कडबा नाही, कडबा नाही तर बैल सांभाळायचे कशावर? ट्रॅक्टर आले त्याचं मला दुःख नाही, आजोबांचे खांदेही बैलांइतकेच निबर झाले होते. पण आंबिलीसाठी ज्वारी अकोल्याच्या दुकानातून किलोवर आणावी लागते, याचं होतं. गेल्या वर्षापासून चुलतभावानं धुऱ्यालगत चार तास ज्वारी पेरायला घेतली आहे. निम्मी पाखरांनी नेली. उरली तिच्यातल्या दोन पायल्या वहिनीनं महालक्ष्म्यांसाठी बाजूला बांधून ठेवल्या, आणि पोळ्याला शेजाऱ्याची जोडी जेवायला बोलावली.